पेन्सिलीने लिहिलेले वजन

बाई,

आपल्याला पत्र लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे प्रथम नमूद करतो. मी आपला विद्यार्थी नव्हतो. माझा मुलगा आपल्या बालवाडीत दोन वर्षे बसला, एवढाच आपला माझा संबंध. आपण जाऊन आता बरीच वर्षे लोटली आणि आपल्या अंत्ययात्रेला मी आलो नव्हतो. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे आहे; परंतु ती त्या काळची चौथी होती, आणि पुढे पन्नास वर्षे रोजचे वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मी माझी भाषा नीट राखली आहे. त्यामुळे अक्षरात किंवा वाक्यात चूक सापडणार नाही. चूक अन्यत्र झाली आहे, आणि तिच्यासाठीच हा कागद पुढ्यात घेतला आहे.

दुपारचा एक वाजून गेला आहे. सक्करदऱ्याच्या आमच्या घरी पुढच्या खोलीत सात मुले चटयांवर झोपली आहेत. आठवी चटई गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. आज तिसरा दिवस. माझी सून गेली सहा वर्षे हे पाळणाघर चालवते. कामावर जाणाऱ्या आया सकाळी मुले सोडतात आणि सायंकाळी घेऊन जातात. पत्नी वारल्यानंतर मी दिवसभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालीत असे, तेव्हा सुनेने डब्यांचे काम माझ्याकडे सोपवले. साडेअकरा वाजता डबे उघडायचे, मुलांना रांगेत बसवायचे, कोणी काय खाल्ले ते वहीत लिहायचे. सायंकाळी आईबापांशी बोलण्याचे काम मात्र तिने स्वतःकडे ठेवले, आणि तिचे ते बोलणे मला मुळीच पटत नसे. एखाद्या मुलाने भेंडीची फोड जिभेला लावून परत ताटात टाकलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असे, आणि ही दारात उभी राहून त्याच्या आईला सांगे, "ताई, आज यानं भेंडी चाखली बरं का! तोंडबी वाकडं नाही केलं." मी तिला एकदा बजावले की वहीत मी 'भेंडी टाकली' असे लिहिले आहे. ती म्हणाली, "मामाजी, वही आपल्यासाठी आहे. मायले काही वही वाचून दाखवत नसतात."

जे घडले ते घडले तसे सांगावे, कमी नाही आणि जास्त नाही, असे मी आयुष्यभर मानले. मी धान्याच्या बाजारात मापाडी होतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. बाजार पुढे कळमन्याला गेला तेव्हा मीही तिकडे गेलो आणि निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिलो. पोते काट्यावर चढले की मापाड्याने वजन मोठ्याने पुकारायचे आणि लिहिणाऱ्याने ते ऐकून लिहायचे. लिहिणारा काट्याकडे मान वर करून पाहत नाही. त्याने पाहिले तर तो मापाड्याचा अपमान समजतात. माझ्या पुकाराकडे कोणी कधी मान वर केली नाही. हे मी अभिमानाने सांगत असे. आज सांगताना हात थोडा थांबतो, का ते पुढे येईल.

तर ती आठवी चटई एका अडीच वर्षांच्या मुलीची. तिची आई धरमपेठेत कापडाच्या मोठ्या दुकानात विक्रीच्या कामाला आहे. ती दिवसभर उभी असते. नवरा परगावी असतो. मुलीच्या डब्यात रोज क्रीमची बिस्किटे, कधी मसाल्याच्या कुरकुरीत कांड्यांचे पाकीट, कधी चॉकलेट. डबा मात्र सर्व मुलांत उत्तम, वर सशाचे चित्र असलेला. ही मुलगी बिस्किटातील क्रीम चाटते, उरलेले बिस्कीट शेजारच्याला देते आणि हात पुसून बसते. तिला उचलले की हातांना काही उचलल्यासारखे वाटत नाही. मी माझे ताट घेऊन तिच्या शेजारी जेवायला बसू लागलो. एक शब्द बोलत नसे. आठ दिवसांनी तिने माझ्या ताटातल्या वरणभातात बोट बुडवले. त्यानंतर रोज तीन-चार घास ती माझ्या ताटातून खाऊ लागली. हे मी वहीत लिहीत होतो. परंतु डब्यात रोज बिस्किटेच येत होती, आणि सून तिच्या आईला दारात हसून सांगत होती, "आज वरणभात खाल्ला तिनं, मामाजीसंग!" बिस्किटांविषयी अवाक्षर नाही. मला ते सहन होईना.

मी चिठ्ठी लिहिली. दोनदा कच्ची लिहून मग पक्की केली. "आपल्या कन्येच्या डब्यात आज पुन्हा बिस्किटे आढळली. बिस्किटे हे अन्न नव्हे. उद्यापासून अन्न पाठवावे." चिठ्ठीत एकही चूक नव्हती. घडी घालून ती डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ती आई आली. दारात आणखी दोन आया उभ्या होत्या. चिठ्ठी तिच्या हातात होती.

"आजोबा, हे तुमी लिहिलं?"

"होय."

"ती घरी सगळं खाते. राती दोन पोळ्या खाते वरणासंग. इथं नाही खात, तं मी काय करू?"

मी म्हणालो, "ताई, मी हयातभर माल तोलला आहे. ही मुलगी उचलली की हाताला समजते. दोन पोळ्या खाणाऱ्या लेकराचे अंग असे नसते. आपण खोटे बोलत आहात."

त्या दोन आयांपैकी एकीने खाली पाहिले, दुसरी उगाच स्वतःच्या मुलाच्या चपलेचा पट्टा लावू लागली.  आईने मुलीला कडेवर घेतले, "चाल वं माय," म्हणाली आणि गेली. डबा आमच्याकडेच राहिला.

सून त्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. मी म्हणालो, मी जे बोललो ते खरे आहे. ती वळली. "खरं हाये, मी कुठं नाही म्हणते? पण लेकरू गेलं ना, मामाजी! आता ते खरं कोणाले चारता?"  दुसऱ्या दिवशी तिला बातमी लागली की ती आई मुलीला शेजारच्या एका म्हातारीकडे ठेवून जाते; म्हातारीला डोळ्यांनी धड दिसत नाही; मुलगी दिवसभर मोबाइल पाहते आणि पुड्यातली बिस्किटे खाते. म्हणजे जे तीन-चार घास पोटात जात होते तेही माझ्या खरेपणाने बंद केले. सुनेने मला सांगून टाकले आहे, "तिच्या घरी जा, तिच्याशी बोला, लेकरू आणा. नाही तं डब्याले हात लावू नका." सून मला अशा स्वरात यापूर्वी कधी बोललेली नाही. मी तिला रागावलो नाही. मुलाला सांगितले तर तो म्हणाला, "बाबा, जा ना गा. तुमचं काय जाते?" त्याला काय सांगू माझे काय जाते!

काल मी गेलो होतो. डबा पिशवीत घालून धरमपेठेत उतरलो. आपण म्हणाल, डबा परत करण्याचे निमित्त तर होते. परंतु डबा रिकामा होता आणि रिकामा डबा कोणाच्या घरचा परत देत नाहीत, हे आपल्याकडचे लहान मूलही जाणते. काहीतरी घालून द्यावे लागते. काय घालावे? बेसनाचे लाडू घातले तर तिला वाटणार, म्हातारा दाखवून देतो आहे की खाणे असे असते. फल्लीदाणे, गूळ, राजगिऱ्याची वडी, काहीही घातले तरी ती दुसरी चिठ्ठीच होणार. रिकामा दिला तर उद्धटपणा, भरून दिला तर उपदेश. दुकानाच्या काचेतून ती दिसत होती. एका गिऱ्हाइकापुढे साड्यांमागून साड्या उलगडत होती आणि हसत होती. मी त्या दुकानावरून तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी दुकानाचा पहारेकरी म्हणाला, "काका, काही हरवलं काय?" मी परत आलो.

येताना आपली आठवण झाली, आणि ती आता मला बसू देत नाही. बसतो, उठतो, झोपलेल्या मुलांवरची पांघरुणे उगाच नीट करतो आणि परत येऊन बसतो. बाई, आपण हे कसे करीत होता? माझ्यासारख्या माणसांशी आपण कोणत्या तोंडाने बोलत होता? मी आपल्याला काय बोललो होतो ते मला अक्षरशः पाठ आहे. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याला सकाळ-संध्याकाळ पेलाभर चहा आणि दोन टोस मिळत. त्या वस्तीत टोस फक्त माझ्या घरी येत असे. इतरांची मुले शिळी भाकर आणि चून, म्हणजे पिठले, खात, आणि माझा मुलगा साहेबाच्या मुलासारखा दारात बसून चहात टोस बुडवीत असे. तो तेथे बसावा आणि लोकांनी पाहावा, म्हणून मी त्याला पाट करून दिला होता. आपण माझ्या पत्नीला विहिरीवर गाठून म्हणालात, "चहाने भूक मरते लेकराची. चहा बंद करून पाहा." तिने ते मला सांगितले. मी त्याच पावली बालवाडीत आलो. आपण मुलांना हात धुवायला लावत होता. मी उंबऱ्यावरूनच ओरडलो, "माझ्या घरात काय शिजावे हे तुमी नाही सांगायचं! माझ्या पोराले टोस भेटते. ज्याले शिळं भेटते त्याच्या घरी जा अन्‌ शिकवा!" तेव्हा माझी भाषा आजच्यासारखी नव्हती. आपण ओले हात पदराला पुसले आणि एवढेच म्हणालात, "बरं." मला वाटले मी जिंकलो.

पंधरा दिवसांनी आपण स्वतः बाजारात आलात. चार पोत्यांपलीकडे उभ्या राहिलात, माझे पुकारणे संपेपर्यंत थांबलात आणि म्हणालात की बालवाडीत मुलांचे वजन करायचा काटा आहे, तो बरोबर आहे की नाही याची आपल्याला शंका येते. बाजारात विचारले तर सर्वांनी माझेच नाव सांगितले. एक दिवस येऊन तपासून द्याल का? मी आखडून म्हणालो, पाहू. पण गेलो. स्वच्छ सदरा घालून गेलो, शिक्का मारलेली पाच किलो आणि दोन किलोची वजने गोणपाटात बांधून घेऊन गेलो. गोल तबकडीचा काटा वाशाला टांगलेला होता आणि त्याला कापडाची झोळी. मी झोळीत वजने टाकली, काढली, पुन्हा टाकली, सुई शून्यावर येते का ते पाहिले. काटा निर्दोष होता. मी तसे सांगितले. "बरं झालं," आपण म्हणालात. "आता आलाच आहात तर मुलांची वजनं तुम्हीच पुकारून द्या. मी लिहिते. बायकांचा आवाज पुरत नाही हो या गोंगाटात." मी पुकारू लागलो. मुले एकेक झोळीत बसत होती. ज्याच्या घरी शिळे मिळते म्हणून मी ओरडलो होतो, त्या घरचा मुलगा बारा किलो भरला. तो आणि माझा मुलगा एकाच महिन्यातले. मग माझा मुलगा झोळीत बसला. तो हसत होता. त्याला झोका वाटला. मी सुईकडे पाहिले आणि साडेदहा पुकारले. आपण लिहिलेत.

एक मूल जागे झाले आहे. उठतो.

*

बाई, परवा लिहिले त्यात एक गोष्ट खरी नाही. वाचून पाहिले. तेथेच मी लेखणी ठेवली होती आणि उठलो होतो. मूल काही रडत नव्हते, कुशीवर वळले होते एवढेच. सुई साडेदहावर नव्हती. सुई साडेनऊवर होती.

मी ज्या काट्याला दहा मिनिटांपूर्वी निर्दोष ठरवले, त्याच काट्यावर आणि स्वतःच्या तोंडाने मी खोटे वजन पुकारले. बाजारात कोणत्याही व्यापाऱ्याच्या दबावाने केले नाही ते तेथे केले, आणि ते करायला मला विचारही करावा लागला नाही. तोंडातून ते आपोआप बाहेर पडले. आपण मान खाली घालून लिहिलेत. पुढे काही बोलला नाहीत, फक्त मी वजने गोणपाटात बांधत असताना विचारलेत, "तुम्ही जेवता तेव्हा हा कुठे असतो?" मी म्हणालो, मी जेवतो तेव्हा पोरे बाहेर असतात, माझे झाल्यावर ती आईबरोबर जेवतात. त्या काळी सर्वांच्याच घरी तसे होते. घट्ट वरण कमावणाऱ्याच्या ताटात, वरचे पाणी पोरांच्या वाटीत. आपण म्हणालात, "मग चार घास त्याच्यासाठी तुमच्याच ताटात ठेवून पाहता का? वाटीतलं नाही खात मुलं. बापाच्या ताटातलं खातात." चहाविषयी शब्द नाही, टोसविषयी शब्द नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन मुलाला मांडीवर घेऊन जेवायला बसलो. पत्नी भाकर थापता थापता थांबली. "काय झालं वो तुमाले आज?" मी म्हणालो, काही नाही, तू वाढ. दुसऱ्या आठवड्यापासून मी टोस आणले नाहीत. विसरलो, असे सांगितले. रोजच विसरत गेलो.

तीन महिन्यांनी आपण मला पुन्हा बोलावलेत, काटा तपासायला. काटा पुन्हा निर्दोष निघाला. मी पुकारू लागलो आणि या वेळी आपली वही आपल्या मांडीवर उघडी, माझ्या समोर होती. सर्व मुलांची वजने निळ्या शाईने लिहिलेली होती. माझ्या मुलाच्या नावापुढे पहिल्या रकान्यात साडेदहा होते, ते पेन्सिलीने. मधल्या दोन महिन्यांचे रकाने फक्त त्याचेच कोरे. मुलगा झोळीत बसला. सुई साडेदहावर आली. खरोखर आली, मी डोळे चोळून पाहिले. मी साडेदहा पुकारले. आपण खोडरबर घेऊन पेन्सिलीचा तो जुना आकडा पुसलात, फुंकर मारलीत, आणि नव्या रकान्यात शाईने साडेदहा लिहिलेत. माझ्याकडे पाहिले नाहीत. तो मुलगा आता असा झाला आहे की ऑटोत त्याच्या शेजारी दुसरा माणूस बसू शकत नाही.

काल त्या मुलीच्या आईच्या साप्ताहिक सुटीचा दिवस होता. सकाळी मी डबा घासून घेतला आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून टोस आणून त्यात भरले. सून पाहत होती. तिने कपाळाला हात लावला, पण अडवले नाही. सक्करदऱ्याच्या तलावामागच्या गल्लीत त्यांची खोली आहे. दार उघडे होते. मुलगी जमिनीवर बसून पातेल्यावर चमचा वाजवत होती, मला पाहून तिने चमचा टाकला आणि "आबा, भात!" म्हणाली. तिची आई कपडे पिळत होती. ती उठली नाही.

"डबा द्यायला आले काय? ठेवा तिथं."

मी डबा ठेवला. तिने हात पुसून तो उचलला, हलवला, उघडला. आत पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"टोस?"

"होय."

"वा रे आजोबा! बिस्किटाले नावं ठेवता अन्‌ टोस आणून देता? टोस काय फळफळावळ आहे काय?"

बाई, मी बोलण्याची तयारी करून गेलो होतो. वाक्ये जुळवली होती. त्यातले एकही आठवेना. मी म्हणालो, "मी माझ्या मुलाला हेच देत होतो. दोन वेळा. लोकांनी पाहावे म्हणून दारात बसवून."  मग मी सगळे सांगितले. पत्नीलाही कधी सांगितले नव्हते ते या परक्या पोरीपुढे, तिच्या ओल्या कपड्यांच्या बादलीशेजारी उभे राहून सांगितले: काटा, झोळी, साडेनऊ, साडेदहा. तिला "आपण" म्हणायचे विसरलो. मधेच केव्हा तरी तिने पाट सरकवला आणि मी त्यावर बसलो.

"मंग त्या बाई काहीच नाही बोलल्या?" तिने विचारले.

"काही नाही."

"एक शब्दबी नाही?"

"नाही."

"अन्‌ तुमी मले चार बायांसमोर खोटारडी म्हटलं."

"दोन बायांसमोर," मी म्हणालो. जीभ कोठे आवरावी हे मला अजून कळत नाही. परंतु ती हसली. तोंडावर हात ठेवून हसली आणि मग हसता हसता तिचा चेहरा बदलला. ती पिळलेले कपडे पुन्हा पिळू लागली. "मी आठ वाजता घरी पोचते, आजोबा. कधी कधी साडेआठ होते. तोवर ही पेंगून राहते. उठवून चारावं म्हटलं तं रडते, अन्‌ ती रडली की माह्या हातून ताट खाली ठेवल्या जाते. त्या दोन पोळ्या मीच खाते." मग ती म्हणाली, "सकाळी सात वाजता बिस्कीट भरायले काहीच लागत नाही ना. अन्‌ बाकीच्या पोरांच्या डब्यात पाहा, काय काय राहते. माही पोरगी कोणापरीस कमी दिसली नाही पाहिजे."

तिला काय सांगावे? मी त्या वाक्याला पूर्ण ओळखत होतो; ते माझ्या घरचे होते. मी म्हणालो, "डब्यात काय घालायचे ते तू घाल. ससा तर माझ्या ओळखीचा झाला आहे. माझ्या ताटात हिचे चार घास आहेत, ते कोणी खात नाही, वाया जातात. सकाळी घेऊन ये."  मी निघालो तेव्हा तिने डबा पुन्हा उघडून एक टोस मुलीच्या हातात दिला, एक माझ्या, आणि एक स्वतः घेतला. आम्ही तिघांनी टोस खाल्ले. कोरडे होते. चहा तिने विचारला नाही, हे मी ध्यानात ठेवले.

आज सकाळी पावणेनऊपर्यंत मी फाटकाशी पाच वेळा गेलो. सून म्हणाली, "मामाजी, बसा ना एका जागी. फाटक काय पळून जाते?" नऊला पाच कमी असताना मुलगी आली. आठवी चटई मी आधीच अंथरून ठेवली होती, म्हणजे सुनेने ती दोनदा उचलली आणि मी दोनदा अंथरली. साडेअकरा वाजता ससा उघडला. क्रीमची बिस्किटे. मी झाकण लावले आणि माझे ताट घेऊन बसलो. तिने पाच घास खाल्ले. पाचवा अर्धा सांडला. तो मी धरतो.

सायंकाळी तिची आई आली तेव्हा दारात त्याच दोन आया होत्या. सून मला कोपराने ढोसत होती, म्हणजे मी बोलावे. मी म्हणालो, "आज पाच घास खाल्ले हिने. भात आणि घट्ट वरण." आईने मान हलवली. मग त्या दोघींकडे एकदा पाहून, आवाज जरा चढवून ती म्हणाली, "काल घरीबी एक पोळी खाल्ली, आजोबा. पूर्ण."

मुलगी तिच्या कडेवर होती. जाताना मीच तिला उचलून दिले होते, आणि माझे हात अजून मापाड्याचे आहेत. मी म्हणालो, "बरं." मग वही उघडली. घरात पेन्सिल सापडेना. मुलांच्या रंगांच्या डब्यातला हिरवा खडू घेतला आणि तिच्या नावापुढे 'घरी एक पोळी' असे लिहिले. सुनेने खडूकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले.

हे पत्र कोठे पाठवायचे? आपल्या घरी आता दुसरे लोक राहतात. वहीला खाकी कागदाचे वेष्टन घातले आहे, त्याच्या आत घडी करून ठेवतो. राहता राहिले एवढेच. काटा दुसऱ्यांदा तपासला त्यानंतर मी आपल्याला रस्त्यात पाहिले की समोरची बाजू धरीत असे. पुढे आपण आजारी असल्याचे कळले, तेव्हाही आलो नाही. कोणी विचारले तर सांगत असे की मला बाजारातून सवड नव्हती. आणि स्वतःला सांगत असे की लिहिणारा मान वर करीत नाही, तेव्हा बाईंनी सुई पाहिली नसावी, पेन्सिल काय, हाती लागली म्हणून घेतली असेल. ते खरे नाही, बाई. मी साडेदहा पुकारले तेव्हा आपली मान वर होती. आपण सुईकडे पाहत होता, आणि आपण पाहत आहात हे मी त्याच वेळी पाहिले होते.